कमरेखाली आग होते, पण पाय हलत नाही : मणक्याच्या इजेनंतरचं दुखणं आणि चालणं



आज जाळं, बीज आणि भाव बाजूला ठेवून एका वेगळ्या विषयावर लिहितो आहोत. मणक्याला मार लागून पाय गेलेला माणूस घरी आला की घरच्यांना दोन प्रश्न पडतात. एक, "हा पुन्हा चालेल का?" आणि दुसरा, "पायाला काही कळत नाही म्हणतो, मग रात्रभर पाय जळतो म्हणून का ओरडतो?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरं नीट माहीत नसल्यामुळे माणसाचं अजून नुकसान होतं. म्हणून जरा लांब लिहितो, पण पूर्ण वाचा.

ही इजा आपल्याकडे होते कशी?

भारतात मणक्याच्या इजेची दोन मोठी कारणं आहेत : उंचावरून पडणं आणि रस्त्यावरचा अपघात. आपल्या धार-देवास भागात दोन्ही रोजचं आहे. ताडाच्या किंवा महुव्याच्या झाडावरून पडणं, विहिरीत पडणं, घराच्या पत्र्यावरून घसरणं, ट्रॅक्टर-ट्रॉली उलटणं, मोटारसायकल घसरणं.

नर्मदाकाठच्या लोकांना अजून एक धोका आहे, तो म्हणजे डोकं खाली करून पाण्यात उडी मारणं. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं आणि धार जिल्ह्यातली निसरपूर, चिखल्दा यांसारखी गावं पाण्यात गेली. पाणी उतरतं तेव्हा भिंती, ओटे आणि झाडांचे बुंधे वरून दिसत नाहीत, पण हात-दीड हात खाली असतात. तिथे सूर मारला तर मान मोडते. पोरांना एवढंच सांगा : अनोळखी पाण्यात आधी पाय, डोकं कधीच नाही.

आणि कोणी पडलाच तर हात-पाय धरून उचलू नका. मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, चार-पाच जणांनी मिळून फळीवर किंवा दारावर घ्या. पाण्यात असेल तर तोंड वर ठेवून तरंगत काठाशी आणा. १०८ ला फोन करा. रिक्षात किंवा मोटारसायकलवर बसवून नेणं टाळा.

आत नेमकं काय होतं?

पाठीच्या मणक्यांच्या आतून मज्जारज्जू जातो. मेंदूचा हुकूम याच्यातून पायाला जातो आणि पायाची खबर याच्यातूनच मेंदूला येते. घरात येणारी विजेची जाडी केबल समजा. मणका मोडला की हाड या केबलला दाबतं किंवा चिरडतं. मानेत इजा झाली तर हात-पाय दोन्ही जातात. छातीत किंवा कमरेत झाली तर पाय जातात. लघवी आणि शौच यांचा ताबाही याच केबलमधून चालतो, म्हणून तोही जातो.

मणक्याचं ऑपरेशन झालं म्हणजे मज्जारज्जू जोडला गेला, असं नसतं. ऑपरेशनमध्ये हाड सरळ करतात, दाब काढतात, स्क्रू बसवतात. मज्जारज्जूच्या मार लागलेल्या तारा जोडण्याचं ऑपरेशन आज तरी नाही. हे डॉक्टर घाईत सांगतात, घरचे ऐकून न ऐकल्यासारखं करतात आणि महिन्याभरानं म्हणतात, "ऑपरेशन फेल गेलं." तसं नसतं.

पाय मेलेला, मग दुखतं कसं?

केबल तुटली की पुढचे दिवे जातात, पण तुटलेल्या टोकाशी ठिणग्या उडत राहतात. मज्जारज्जूचंही तसंच. इजा झालेल्या जागेवरच्या नसा स्वतःहूनच चुकीची खबर वर पाठवत राहतात. मेंदूला वाटतं की पायच जळतो आहे. आग होणं, विजेचा झटका बसणं, सुया टोचणं, बर्फात पाय घातल्यासारखं वाटणं, असं या दुखण्याचं वर्णन माणसं करतात. रात्री ते जास्त छळतं.

हे दुखणं खरं आहे. ते नाटक नाही, मनाचा खेळ नाही, बाहेरची बाधाही नाही. मणक्याच्या इजेनंतर साधारण तिघांपैकी दोघांना कायमचं काही ना काही दुखणं राहतं, आणि त्यात नसांचं दुखणं सगळ्यात चिवट असतं. इजेनंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही ते सुरू होऊ शकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरोघरी एक समजूत असते : "दुखतंय म्हणजे पायात जीव येतोय." ही समजूत सोडा. आग होणं हे नस जिवंत होत असल्याचं लक्षण नाही. ज्याचा पाय कधीच हलणार नाही त्यालाही आग होते, आणि जो चालायला लागतो त्यालाही होते. दुखणं आणि चालणं हे दोन वेगळे हिशेब आहेत. एका वहीत मांडू नका. एकत्र मांडले की दोन चुका होतात. काही घरं "जीव येतोय, सहन कर" म्हणून औषधच देत नाहीत. आणि काही घरं जीव आणण्यासाठी शेक देतात.

शेकाबद्दल हात जोडून सांगतो. गरम वीट, गरम वाळूची पोटली, उकळतं तेल, गरम पाण्याची बाटली यातलं काहीही बधिर पायाला लावू नका. त्याला चटका कळत नाही. कातडी जळते, फोड येतो, जखम हाडापर्यंत जाते आणि सहा-सहा महिने भरत नाही. आग पायात नाही, मज्जारज्जूत आहे. पायाला शेकून ती विझत नाही.

मग उपाय काय?

दुखणं कुठल्या जातीचं आहे ते आधी ओळखा, कारण प्रत्येकाचा नियम वेगळा आहे.

१) *नसांचं दुखणं* : आग, झटके, मुंग्या, बहुतेक वेळा बधिर भागात किंवा जिथून बधिरपणा सुरू होतो त्या पट्ट्यात. यावर मेडिकलवरची साधी पेनकिलर फार चालत नाही. डॉक्टर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन अशी औषधं देतात. ती कमी डोसनं सुरू करून हळूहळू वाढवतात, गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला झोप आणि चक्कर येते. दोन दिवसांत फरक नाही म्हणून फेकून देऊ नका, आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करू नका. आग पूर्ण जाईलच असं नाही, पण झोप लागण्याइतकी कमी झाली तरी माणूस माणसात येतो. या दुखण्यात व्यायाम केल्यानं इजा वाढत नाही, म्हणून व्यायाम चालू ठेवायचा.

२) *स्नायू-सांध्यांचं दुखणं* : खांदा, मनगट, मान, पाठ. हे हलवल्यावर वाढतं, विश्रांतीनं कमी होतं. पायाचं सगळं ओझं आता हातांवर आलेलं असतं, म्हणून खांदा झिजतो. इथे नियम उलटा आहे : दुखलं की थांबायचं, पद्धत बदलायची, फिजिओथेरपिस्टला दाखवायचं.

३) *पोटातलं दुखणं* : बहुतेकदा साचलेला मळ, मुतखडा किंवा लघवीतलं इन्फेक्शन. त्याचं मूळ शोधायचं.

पेनकिलरची पट्टी खिशात ठेवून रोज खाणाऱ्यांना एक इशारा. या माणसाच्या मूत्रपिंडाला लघवी साचण्यामुळे आधीच धोका असतो. वर रोजची पेनकिलर म्हणजे दुहेरी मार. आणि दारूनं आग दोन तास विसरते, नंतर झोप, लघवी, तोल सगळंच बिघडतं.

दुखणं किंवा पायाचे झटके अचानक वाढले तर

आधी औषध वाढवायला पळू नका, ही यादी तपासा :

– लघवी गढूळ, वास येणारी आहे का? कॅथेटरची नळी वाकली किंवा तुंबली आहे का?
– किती दिवस शौच झालं नाही?
– माकडहाड, कुल्ले, टाच, घोटा इथे लाल डाग किंवा जखम आहे का?
– पाय एका जागी सुजून गरम झाला आहे का? (न कळता हाड मोडलेलं असू शकतं, किंवा रक्ताची गाठ.)
– नखं आत रुतली आहेत का, कपडा किंवा पट्टा आवळला आहे का?

बधिर शरीर "इथे दुखतं" असं बोट दाखवून सांगू शकत नाही. ते आग वाढवून आणि पाय उडवून सांगतं.

मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात इजा असलेल्यांनी एक गोष्ट पाठच करावी. अचानक डोकं फुटेल असं दुखणं, चेहरा लाल, घाम, छातीत धडधड ही लक्षणं म्हणजे रक्तदाब धोकादायक चढला आहे. त्याला ताबडतोब बसवा, झोपवू नका. कपडे सैल करा, लघवीची नळी मोकळी आहे का पाहा. लगेच उतार पडला नाही तर थेट दवाखाना. यात जीव जाऊ शकतो.

बधिरपणा हळूहळू वर सरकतोय, हातातली पकड कमी होतेय, असं महिन्या-वर्षांनी जाणवलं तर एमआरआय लागतो. मज्जारज्जूत पाण्याची पोकळी झालेली असू शकते. "जुनंच आहे" म्हणून सोडू नका.

पाय आपोआप उडतो, ते चालण्याचं लक्षण आहे का?

नाही. चादर ओढली की पाय ताठ होतो, गुडघा आपोआप वर येतो, त्याला आकडी म्हणा किंवा ताठरपणा म्हणा. तो मेंदूच्या हुकमाशिवाय होतो. खरी हालचाल ओळखायची सोपी रीत आहे. डोळे मिटायला सांगा आणि म्हणा, "उजव्या पायाचा अंगठा हलव. थांब. पुन्हा हलव." सांगितल्यावर हलला आणि थांब म्हटल्यावर थांबला तरच तो हुकूम खालपर्यंत पोचतो आहे. असं दिसलं तर त्याच आठवड्यात फिजिओथेरपिस्टला कळवा, कारण व्यायाम बदलावा लागतो.

चालणार की नाही, हे कशावरून ठरतं?

पहिल्या दिवशी कोणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, हो म्हटलं तरी आणि नाही म्हटलं तरी. इजेनंतर काही दिवस, कधी काही आठवडे, मज्जारज्जू सुन्न पडलेला असतो. नंतर डॉक्टर पिनेनं आणि कापसानं अंगभर तपासतात, स्नायूंची ताकद बघतात, आणि शौचाच्या जागेजवळ संवेदना आहे का हेही बघतात. लाजून ही तपासणी टाळू नका, कारण सगळ्यात मोठा निकाल तिथेच लागतो. मज्जारज्जूचं सगळ्यात खालचं टोक त्या जागेशी जोडलेलं आहे. तिथे संवेदना असेल तर काही तारा शाबूत आहेत, म्हणजे इजा अपुरी आहे. अजिबात नसेल तर इजा पूर्ण.

या तपासणीवरून 'ए' ते 'ई' अशी श्रेणी देतात. 'ए' म्हणजे इजा पूर्ण, 'ई' म्हणजे सगळं नॉर्मल. डिस्चार्जच्या कागदावर ही श्रेणी लिहून मागा. 'सी' आणि 'डी' वाल्यांना चालण्याची चांगली आशा असते. 'बी' मध्ये पिन टोचलेली कळत असेल तर आशा जास्त. 'ए' मध्ये स्वतःच्या पायांनी चालणं क्वचितच परत येतं. सुधारणा सगळ्यात जास्त पहिल्या सहा महिन्यांत होते, वर्षापर्यंत चालू राहते, नंतर वेग मंदावतो. म्हणून "आधी घरी आराम करू दे, उन्हाळ्यानंतर बघू" असं करू नका. तो काळ परत मिळत नाही.

चालण्याची शाळा : पायरी-पायरीनं

*पहिली पायरी, अंथरूण.* दर दोन तासांनी कूस बदलायची. सगळे सांधे रोज हळूच पूर्ण फिरवायचे, घोटा काटकोनात ठेवायचा. घोटा खाली वाकून आखडला तर पुढे ताकद आली तरी पाय जमिनीवर सपाट टेकत नाही.

*दुसरी, बसणं.* एकदम उभं केलं तर रक्तदाब उतरून चक्कर येते. उशा लावून थोडं थोडं वर, मग पाय खाली सोडून, मग हात सोडून तोल.

*तिसरी, उभं राहणं.* पट्ट्यांनी बांधून हळूहळू उभं करणारा टेबल, नंतर कॅलिपर लावून. पुष्कळ दिवस पडून असलेल्यांची हाडं ठिसूळ असतात, म्हणून हे पहिल्यांदा जाणत्या माणसासमोरच करा.

*चौथी, दोन दांड्यांमध्ये चालणं.* मग वॉकर, मग कुबड्या. घरी अंगणात कमरेएवढ्या उंचीवर दोन मजबूत बांबू समांतर बांधले तरी काम होतं, फक्त ते हलता कामा नयेत आणि एक माणूस मागे हवा.

मोठ्या शहरात लाख-लाख रुपये घेऊन मशीनवर चालवतात, ते नाही जमलं तर? ही चिंता पुष्कळांना असते. अमेरिका-कॅनडातल्या केंद्रांनी ताज्या, अपुऱ्या इजेच्या १४६ रुग्णांवर हेच तपासलं आणि २००६ मध्ये निकाल छापला. एका गटाला पट्ट्यांनी वर टांगून ट्रेडमिलवर चालवलं, दुसऱ्याला जमिनीवर तेवढीच मेहनत करून घेतली. दोन्ही गट सारखेच सुधारले. म्हणजे फरक मशीननं नाही, रोजच्या पावलांनी पडतो. जमीन विकून मशीनमागे धावू नका, पण रोजचा सराव चुकवू नका. पाठीत विजेचं यंत्र बसवून चालवण्याचे प्रयोग परदेशात चालू आहेत, पण गावोगावी मिळणारा इलाज अजून तो नाही. "स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन चालवतो" म्हणून पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा.

*व्हीलचेअर म्हणजे हार नाही.* कॅलिपर लावून कुबड्यांवर चालायला साध्या चालण्यापेक्षा कितीतरी जास्त दम लागतो आणि खांदे झिजतात. पुष्कळ माणसं घरात कॅलिपर आणि बाहेर व्हीलचेअर वापरतात. कामावर ताजातवाना पोचलेला माणूस दमून उंबऱ्याशी बसलेल्या माणसापेक्षा बरा. खुर्चीवर मात्र दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलायचं, नाहीतर कुल्ल्याला जखम होते. आणि लघवीची नळी दर चार ते सहा तासांनी घालून काढण्याची रीत शिकून घ्या. मूत्रपिंड त्यानं वाचतं.

पाणी आपल्या ओळखीचं आहे

कमरेइतक्या पाण्यात अंगाचं वजन साधारण निम्मं होतं, गळ्याइतक्या पाण्यात जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणून जमिनीवर न उचलणारा पाय पाण्यात उचलतो. पण नियम पाळा : जखम किंवा लघवीचं इन्फेक्शन असताना नाही, एकट्यानं नाही, लाइफ जॅकेटशिवाय नाही, आणि दगडगोट्यांच्या नदीत नाही. बधिर पायाला शिंपला कापला तरी कळत नाही.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर हे नाव आता सिनेमामुळे सगळ्यांना माहीत आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कमरेखाली लुळेपणा आला, एक गोळी मणक्यात तशीच राहिली. इलाज म्हणून पोहायला लागले आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेतलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. २०१८ ला पद्मश्री मिळाली. प्रत्येकानं पदक आणायचं नाही. पण पाण्यात पाय चालत नसतील तर हात चालतात, हे कोळी-भोई-कहारांना कोणी शिकवायला नको.

आपल्या देवासचंच बघा. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयानं खंगून इथे आले, वर्षानुवर्षं गाणं बंद होतं, एक फुप्फुस निकामी झालं. पुन्हा गायले ते उरलेल्या श्वासात बसेल अशा नव्या रीतीनं. होती तशी तब्येत परत आली नाही, काम मात्र परत आलं. मणक्याच्या माणसाकडेही असंच बघा. जाळं विणणं-सांधणं, वजनकाटा, हिशेबाची वही, बर्फाची पेटी, फोनवरून मासळीचा सौदा हे सगळं बसून होतं. "तू पडून राहा, आम्ही आहोत ना" हे प्रेमानं म्हटलेलं वाक्य माणसाला आतून मारतं. आणि दुखण्यावरचा हाही एक इलाज आहे : हात कामात असले की आग मागे सरते.

कुठे जायचं, पैशाचं काय?

– धारहून इंदूर साधारण ६५ किलोमीटर, देवासहून ४० च्या आत. महाराजा यशवंतराव म्हणजे एम. वाय. हॉस्पिटल सरकारी आहे. आयुष्मान कार्ड सोबत न्या.
– भोपाळला दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचं कंपोझिट रिजनल सेंटर आहे. मुंबईत नातेवाईक असतील तर हाजी अलीचं केंद्र सरकारचं पुनर्वसन रुग्णालय आहे, १९५५ पासूनचं.
– जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड काढा. व्हीलचेअर, ट्रायसिकल, कॅलिपर यांसाठी एडिप योजना आहे; शिबिराची तारीख सामाजिक न्याय विभागात विचारा.
– मच्छीमारांसाठी : प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सामूहिक अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख, आणि अपघातात दवाखान्यात भरती झाल्यास २५ हजारांपर्यंत. मच्छीमाराला हप्ता भरावा लागत नाही, पण नाव नोंदलेलं हवं. आपलं नाव यादीत आहे का, हे आजच मत्स्य विभागात किंवा संस्थेत विचारून घ्या.
– बँकेत २० रुपये वर्षाला कापून घेणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालू ठेवा. त्यात २ लाखांपर्यंत संरक्षण आहे.

दाव्यासाठी अपघाताची नोंद, भरती आणि डिस्चार्जचे कागद, एमआरआय आणि अपंगत्वाचा दाखला एका पिशवीत जपून ठेवा. फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.

थोडक्यात, भिंतीवर लावायला

१) आग होते ते खरं आहे, पण ती चालण्याची खूण नाही. तिचं औषध वेगळं घ्या.
२) बधिर अंगाला शेक नाही.
३) आग अचानक वाढली तर आधी लघवी, शौच, कातडी बघा.
४) चालण्याची मेहनत पहिल्या महिन्यापासून, रोज, न चुकता.
५) खुर्चीवर बसलेला माणूसही कामाचा माणूस आहे.

तुमच्या गावात, टोल्यावर असा कोणी अंथरुणावर असेल तर हे त्याच्या घरी जाऊन वाचून दाखवा, आणि त्याची पाठ व टाचा बघून या. कागदपत्रांत मदत लागली तर संस्थेत या, फॉर्म आपण मिळून भरू.